माझं ‘नो’ आणि त्यांचा गुडघा

डॉक्टरांनी प्रश्न ह्यांना विचारला होता, उत्तर मी दिलं. यात नवीन काही नाही. पंचवीस वर्षं हॉटेलात वेटर ह्यांच्याकडे बघून विचारतो आणि ऑर्डर मी देते. पण हा प्रश्न जेवणाचा नव्हता.

“गेल्या दोन-तीन महिन्यांत घरी एखादी अँटिबायोटिक घेतली होती का?” डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं. उंच, सावकाश बोलणारे सुदानी सर्जन. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या गुडघ्यात कृत्रिम सांधा त्यांनीच बसवला होता, आणि आता तोच गुडघा लालभडक सुजून त्यांच्यासमोर होता. ह्यांनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

“नो,” मी म्हणाले. “नो, डॉक्टर. नथिंग.”

हे खाली वाकले आणि बुटाची पट्टी नीट करायला लागले. ती नीटच होती. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर काहीतरी टिक केलं, सुई घालून सांध्यातलं पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं. मी पर्समधून टिश्यू काढून उगाचच चष्मा पुसत बसले.

ते ‘नो’ माझ्या तोंडून गेलं कसं, याचा मला अजूनही धक्का बसतो. मी खोटारडी बाई नाही. उलट तोंडावर बोलते म्हणून दोन-चार माणसं तुटलीत माझी. पण त्या खोलीत, एसीच्या गारठ्यात, खरं बोलायला एक सेकंद लागला असता तर खोटं अर्ध्या सेकंदात तयार होतं.

खरं काय होतं ते सांगते. आमच्या घरी एक निळी पिशवी आहे. साडीच्या दुकानातली, जाड कापडाची, चेनवाली. दर जुलैत सुट्टीवरून परतताना पुण्यातल्या माझ्या बहिणीच्या सोसायटीखालच्या केमिस्टकडून मी ती भरून आणते. तापाच्या गोळ्या, पोट बिघडल्यावरच्या, खोकल्याच्या बाटल्या, कानात घालायचे थेंब आणि तीन दिवसांच्या कोर्सच्या अँटिबायोटिकच्या पाच-सहा स्ट्रिप. चिठ्ठी तो मागत नाही, मी दाखवत नाही. इथे कतारला, दोह्यातल्या निम्म्या मराठी घरांत अशी पिशवी असेल, पण अल अझीझियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझी पिशवी म्हणजे दवाखानाच होता. कोणाचं पोर शिंकलं की बेल वाजायची. शहराबाहेरच्या कामगार वसाहतीत, बरवा अल बराहात राहणारा ह्यांच्या साइटवरचा फोरमनसुद्धा एकदा दाढ दुखते म्हणून टॅक्सी करून आला होता.

आणि मी काही वाटेल तशा गोळ्या वाटत नव्हते, असं माझं ठाम मत होतं. लग्नाआधी मी नाशिकला कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते. नोंद केल्याशिवाय हातातून वस्तू सोडायची नाही, ही सवय तिथली. त्यामुळे औषधांचंही मी रजिस्टर ठेवलं होतं. प्रत्येक माणसाला एक पान. कोणाला, कधी, काय, किती, का, आणि शेवटच्या रकान्यात ‘गुण आला / नाही’. आमच्या मुलीच्या पानावर तिचं लाडाचं नाव, आणि ह्यांच्या पानावर वर फक्त ‘हे’ असं लिहिलेलं.

मुलगी बारावीला आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मागे एकदा ती म्हणाली होती, “आई, यू कान्ट जस्ट गिव्ह पीपल अँटिबायोटिक्स.” मी म्हटलं, “तू तुझी केमिस्ट्री बघ.”

ह्यांचा गुडघा पहिल्यांदा तापला तो यंदाच्या हिवाळ्यात. हे पाइपलाइनची तपासणी करणारे इंजिनियर. उत्तरेला, शमालच्या बाजूच्या गॅस प्लांटवर तीस वर्षं शिड्या चढून-उतरून गुडघ्याची वाट लावून घेतलेली. पण नवा सांधा इतका छान बसला होता की तिसऱ्या महिन्यात हे पार्कात फेऱ्या मारायला लागले होते. शुक्रवारी सकाळी गाडी काढून थेट उत्तरेच्या किनाऱ्यापर्यंत जायचं, ओल्या वाळूत तासभर चालायचं आणि येताना इथला कडक दुधाळ करक चहा प्यायचा, हा त्यांचा नेम झाला होता. तर या जानेवारीत तो गुडघा जरा सुजला, हाताला गरम लागला. हे म्हणाले, “डॉक्टरांना दाखवू या का?” मी म्हणाले, “अहो, एवढ्यातेवढ्याला काय डॉक्टर?” आणि पिशवीची चेन उघडली.

दोन दिवसांत सूज उतरली. मी रजिस्टरमध्ये ‘गुण आला’ लिहिलं, त्याखाली रेघसुद्धा मारली.

तीन आठवड्यांनी परत सूज. परत तीन गोळ्या. परत गुण. मार्चमध्ये तिसऱ्यांदा आली तेव्हा मात्र गोळ्या संपल्या तरी सूज हलली नाही. थंडी वाजून ताप आला आणि आम्ही हॉस्पिटलात पोचलो. पुढचं ‘नो’ तुम्हाला माहीतच आहे. इथे कोणतं औषध आणलेलं चालतं, कोणतं नाही, याचे नियम कडक आहेत, त्याची भीती होती. पण ते कारण मी नंतर शोधून काढलं. त्या क्षणी फक्त लाज होती. एवढी शहाणी बाई मी, आणि आता हा माणूस मला अडाणी समजणार.

त्या दिवशी घरी परतलो, दोन दिवसांनी रिपोर्ट आला. सांध्यातल्या पाण्यात पू होता, पण जंतू काही सापडला नाही. तरी ऑपरेशन टळत नव्हतं. एकदा उघडलेला गुडघा परत उघडला. दोन वर्षांपूर्वीचा सांधा काढून टाकला आणि त्या जागी औषध कालवलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला. सहा-आठ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यायची, सगळं स्वच्छ झालं की ठोकळा काढून नवा सांधा बसवायचा, असा बेत होता.

पाचव्या दिवशी डॉक्टर वॉर्डात आले. खुर्ची ओढून बसले. एरवी ते उभ्यानेच बोलत. म्हणाले, “ऑपरेशनच्या वेळी आतले सहा तुकडे तपासायला पाठवले होते. एकातही काही वाढलं नाही. साधारणपणे असं कधी होतं माहीत आहे का? पेशंटने घरी थोड्या गोळ्या घेतलेल्या असतात. त्याने जंतू मरत नाही, लपतो. वरून बरं वाटतं आणि तो आत घर करून बसतो. मग आम्हाला तो दिसतच नाही.” मग माझ्याकडे बघून हसले. “पण तुमच्या बाबतीत तसं नाही, तुम्ही सांगितलंच आहे. त्यामुळे आपण अंदाजाने औषध देतोय. इन्शाल्ला लागू पडेल.”

मी हात दुपट्ट्यात गुंडाळून घेतले. दोन वेळा मी लिहिलेलं ‘गुण आला’ माझ्या डोळ्यांसमोर आलं, खालच्या रेघेसकट. गुण आला नव्हता. मी त्या जंतूला दार उघडून आत घेतलं होतं, बसायला पाट दिला होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे सलाइनच्या थेंबांकडे बघत होते.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी डॉक्टरांना “थँक यू” म्हणाले.

घरी आलो. हॉलमध्ये भाड्याचा हॉस्पिटलचा पलंग आला. पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यांचा ब्रेस, चालायला वॉकर, दंडात औषधासाठी कायमची बसवलेली नळी. रोज सकाळी एक मल्याळी ब्रदर औषध चढवायला यायचा, “अंकल, टेन्शन नहीं लेने का” म्हणायचा आणि जाताना मला “अंकल बहुत अच्छा पेशंट है” असं सांगायचा. मला त्याचा राग यायचा. अच्छा पेशंट म्हणजे काय, तर विव्हळत नाही, तक्रार करत नाही.

मी दिवसातून दहा वेळा दोन्ही गुडघ्यांना हाताची मागची बाजू लावून बघायचे. आधी डावा, मग उजवा. उजवा गरम लागला की वाटायचं माझाच हात गार असेल. हात कोमट पाण्यात धुऊन यायचे आणि परत लावायचे. हे मुकाट्याने पाय पुढे करायचे. आमच्यात त्या गोळ्यांवरून एक शब्द झाला नाही. बाकी सगळ्यावरून झाला. आमटीत मीठ, टीव्हीचा आवाज, वॉकरची फरशीवरची खरखर, मी कशावरूनही त्यांच्यावर डाफरायचे. ज्या माणसाचा पाय आपण घालवला त्याच्याच अंगावर ओरडायचं, याची मला लाज वाटत होती आणि तरीही मी ओरडत होते.

पिशवी आणि रजिस्टर मी त्या ‘नो’च्या दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून काढून कपाटावर, मिक्सरच्या रिकाम्या खोक्यामागे टाकलं होतं. पण लोकांना काय माहीत? एक दिवस खालच्या मजल्यावरची रत्नागिरीची शेजारीण आली. “भाभी, पोराचा गला परत सुजलाय. ती तीन दिवसांची गोली हाय काय तुमच्याजवल?”

“नाहीये!” मी इतक्या जोरात ओरडले की ती एक पायरी मागे गेली. “डॉक्टरकडे न्या त्याला. मी काय डॉक्टर आहे? कोणी सांगितलं तुम्हाला मी डॉक्टर आहे म्हणून?”

तिचा चेहरा उतरला. रमजानात न चुकता आमच्या घरी सांदण पाठवणारी बाई. ती जिन्याने खाली गेली. मी दार लावून वळले तर हे पलंगावरून म्हणाले, “तिच्यावर कशाला ओरडलीस? तिने काय केलंय?”

मी थांबले. आता पुढचं वाक्य येईल, तू केलंयस ते, असं वाटलं. ते आलं असतं तर मी सुटले असते. ह्यांनी पेपरची घडी उलटली आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं.

पाचव्या आठवड्यात उजवा गुडघा खरोखरच गरम झाला. हात तीनदा धुऊन पाहिला, गरमच. रक्ताच्या तपासणीचे आकडे उतरायचे ते चढले होते. डॉक्टरांनी या वेळी ह्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. कोणता जंतू आहे ते कळल्याशिवाय नवा सांधा बसवणं धोक्याचं आहे. तोही सडला तर पुढे सांध्याला जागाच उरणार नाही. मग आतून सळई घालून पाय सरळ जोडून टाकायचा. दुखणार नाही, चालता येईल, पण गुडघा कधीच वाकणार नाही. पुढच्या आठवड्यात या, ठरवू.

हे म्हणाले, “ओके.” तीस वर्षं प्लांटवर सुपरवायझरला म्हणतात तसंच.

मधल्या एका दुपारी मी खाली भाजी आणायला गेले होते. अर्ध्या तासात परत आले, किल्लीने दार उघडलं आणि भाजीची पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले. हे पलंगावर पाय लांब करून बसले होते. मुलीने मेजर टेपचं एक टोक त्यांच्या कमरेशी धरलं होतं, दुसरं टाचेशी. “बाबा, नाइन्टी-फोर,” ती म्हणाली. ह्यांनी कागदावर लिहिलं. कागदावर आधीच बरंच काही होतं. गाडीच्या पुढच्या सीटपासून डॅशबोर्डपर्यंत किती. बाथरूमच्या दारापासून कमोडपर्यंत किती. विमानातल्या सीटसमोर किती जागा असते ते मोबाईलवर शोधून. सोफा आणि टीव्हीचं टेबल यांच्यामध्ये किती, आणि कंसात, ‘टेबल सरकवणे’.

“काय चाललंय हे?” मी विचारलं.

“काही नाही गं,” हे म्हणाले. “पाय सरळच राहिला तर कुठे कुठे अडेल ते बघतोय. आधी मोजलेलं बरं.”

मुलीने टेप सोडली, ती सर्रकन डबीत गेली. मुलगी खाली मान घालून बसली होती, रडत होती हे मला उशिरा कळलं. मी भाजी ओट्यावर ठेवली. मी पाच आठवडे माझं तोंड वाचवत होते आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत आपल्या न वाकणाऱ्या पायासाठी घरात जागा करत होता.

अपॉइंटमेंटच्या सकाळी मी स्टुलावर चढून रजिस्टर काढलं आणि न उघडताच पर्समध्ये कोंबलं. उघडलं असतं तर ते परत खोक्यामागे गेलं असतं. ह्यांना काही बोलले नाही.

डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आत मी सुरू केलं. मराठीत जमवलेली सगळी वाक्यं इंग्रजीत करताना मोडली. “डॉक्टर, मी खोटं बोलले. मी ह्यांना अँटिबायोटिक दिली होती. तीन वेळा. इंडियातून आणलेली. ह्यांनी नाही घेतली, मी दिली. तारखा आहेत माझ्याकडे, सगळं लिहिलेलं आहे.”

डॉक्टरांचा हात माऊसवर तसाच राहिला. मी रजिस्टर टेबलावर ठेवून पानं उलटायला लागले. फोरमनचं पान. शेजारणीच्या पोराचं पान. मुलीचं पान. त्याच्या पुढे ‘हे’ असायला हवं होतं.

नव्हतं. शिवणीजवळ फाटलेल्या कागदाची केसभर कड होती फक्त. मी मागे गेले, पुढे गेले. पुस्तकांमध्ये वर्षं काढलेली बाई मी, फाटलेलं पान मला बोटांनी कळतं. आणि त्या पानाच्या जोडीचं, शिवणीपलीकडचं पान सुटं होऊन माझ्या मांडीवर पडलं. ते कोरं होतं.

“इथे होतं,” मी म्हणाले. मराठीत म्हणाले. “इथेच होतं, शपथ.”

शेजारी काहीतरी हललं. ह्यांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटाच्या मागच्या कप्प्यातून चार घड्या घातलेला एक कागद काढला, टेबलावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. वर माझ्या अक्षरात ‘हे’. खाली तीन नोंदी, औषधाचं नाव, दिवस, गोळ्या. ‘गुण आला’, ‘गुण आला’, आणि तिसऱ्या ओळीत रिकामा रकाना. घड्या इतक्या मऊ झाल्या होत्या की मधे भोक पडलं होतं.

डॉक्टरांनी कागद स्वतःकडे ओढला, औषधाचं नाव मला वाचायला लावून टाइप केलं आणि कोरड्या आवाजात म्हणाले, “आज सगळी औषधं बंद. खलास. दोन आठवडे काहीही द्यायचं नाही. मग पुन्हा सुई घालू. त्याला बाहेर येऊ दे.” मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढचं पटकन सांगते. दोन आठवडे गुडघा सुजत गेला, ताप येत गेला आणि मला एकही गोळी द्यायची परवानगी नव्हती. मग पाणी काढलं आणि चौथ्या दिवशी जंतू सापडला. त्याच्यावर चालणारं औषध वेगळंच होतं. आधी देत होतो ते त्याच्या गावीही नव्हतं. सहा आठवड्यांनी ठोकळा काढून नवा सांधा बसवला. तीन ऑपरेशनं झालेला तो गुडघा आता वाकतो. फिजिओथेरपिस्ट दर आठवड्याला कोन मोजते, काल पंच्याण्णव अंश झाला. निळी पिशवी मी रिकामी करून भाजीला लावली. शेजारणीच्या दारात जाऊन माफी मागितली. तिने चहा दिला, पण पूर्वीसारखी हसली नाही अजून.

पण मला सारखी आठवते ती कागद निघाला त्या दिवशीची, हॉस्पिटलच्या पार्किंगमधली वेळ. हे मागच्या सीटवर पाय आडवा टाकून बसले होते. मी स्टिअरिंग धरून, गाडी सुरू न करता. बाहेर ऊन असं की काचेला हात लावायची सोय नाही.

“कधी फाडलंत?” मी आरशात बघून विचारलं.

“तू ‘नो’ म्हणालीस त्या दिवशीच. घरी आल्यावर. कोणी पाहिलं असतं तर तुला उगाच त्रास झाला असता.”

“मग जाळायचं, फेकायचं. खिशात कशाला ठेवलंत?”

“तू कधीतरी बोलशील, तेव्हा लागेल म्हणून. प्रत्येक वेळी घेऊन येत होतो.”

मला एकदम संताप आला. इतका की मी पूर्ण मागे वळले. “आणि मी बोललेच नसते तर? तर काय केलं असतंत? दिला असता तुम्ही हा कागद?”

त्यांनी जरा विचार केला. खरंच विचार केला, मी बघत होते.

“नसता दिला,” ते म्हणाले.

“आणि पाय?”

“पायाचं मोजून ठेवलं होतं ना.”